आधी जाते, मग यंत्र

(दृश्य : पहाटेची ओसरी. काळ्या पाषाणाचे जाते. वैरण घालणारा हात.)

अमरावती जिल्ह्यात, परतवाड्याच्या पुढे सातपुड्याचे डोंगर जिथून चढू लागतात, त्या पट्ट्यातील हे एक घर आहे. ओसरीच्या कोपऱ्यातील जात्यावर अजूनही वर्षातून काही दिवस तूर भरडली जाते. आजी एका हाताने खुंटा फिरवतात आणि दुसऱ्या हाताने मूठ मूठ वैरण घालतात. भरडायला बसण्यापूर्वी त्यांनी केलेली एक लहानशी कृती आम्ही मुद्दाम जवळून टिपली आहे. मधल्या खुंटीवर त्यांनी चिंधीची बारीक चुंबळ बसवली आणि मगच वरचा दगड खाली ठेवला. त्या चुंबळीमुळे दोन दगडांमधील अंतर किंचित वाढते आणि दाण्याचे पीठ न होता तो दुभंगून त्याची डाळ होते. चुंबळ काढली की त्याच जात्यातून पीठ पडते.

घरात कॉफीसाठी चांगला ग्राइंडर कसा निवडावा, हा या चित्रफितीचा विषय आहे, आणि त्याचा पहिला धडा त्या चिंधीत आहे. दळणारे दोन पृष्ठभाग एकमेकांपासून किती अंतरावर आहेत आणि ते अंतर फिरताना सर्व बाजूंनी सारखे राहते का, एवढे दोनच प्रश्न शेवटपर्यंत आपल्यासोबत राहणार आहेत.

(दृश्य : स्वयंपाकघरातील ओटा. एस्प्रेसोचे यंत्र, शेजारी मिक्सर.)

आजींचा नातू काही वर्षे बेंगळुरूला नोकरीत होता. तिथे लागलेली एस्प्रेसोची, म्हणजे दाबाखाली गरम पाणी ढकलून काढलेल्या दाट कॉफीची, आवड तो गावी घेऊन आला आणि पहिल्याच झटक्यात त्याने जवळचे सगळे पैसे यंत्रावर खर्च केले. कॉफीचे दाणे तो घरच्या मिक्सरमध्ये फिरवू लागला. या क्रमाने चालणारे अनेक जण आम्हाला भेटले, म्हणून ही चूक सविस्तर दाखवणे आम्हाला आवश्यक वाटले.

पांढऱ्या कागदावर पसरलेली ही मिक्सरमधील पूड पाहा. यात धुळीसारखे कण आहेत आणि त्यांच्याच शेजारी ज्वारीच्या कण्यांएवढे तुकडे आहेत. मिक्सरचे पाते दाण्याला तोडते. तुटलेला तुकडा पुन्हा पात्याखाली यायचा की नाही, हे केवळ योगायोगावर अवलंबून असते. यंत्र जास्त वेळ फिरवले तर धूळ वाढते, मात्र मोठे तुकडे पूर्णपणे संपत नाहीत. जात्याचे तसे नसते. तिथे दाणा दोन दगडांमधील फटीतूनच बाहेर पडू शकतो आणि त्या फटीपेक्षा मोठा कण बाहेर येत नाही. ज्या ग्राइंडरला बर ग्राइंडर म्हणतात, त्याचे तत्त्व नेमके हेच आहे. त्यातील दातेरी कड्यांच्या जोडीला बर म्हणतात. एक कडे स्थिर राहते, दुसरे फिरते आणि दाणा मध्यातून आत शिरून कडेने बाहेर पडतो.

(दृश्य : पारदर्शक भांड्यात गाळली जाणारी कॉफी. मंदगतीने.)

एस्प्रेसोला इतकी काटेकोर पूड का लागते, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. मिलानच्या लुईजी बेझ्झेरा यांनी १९०१ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, ते वाफेच्या दाबावर चालत असे आणि तो दाब बेताचाच होता. मिलानचेच अकिले गाज्जा यांनी १९३८ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे तरफेचे, दट्ट्याने पाणी ढकलणारे यंत्र बाजारात आले. तेव्हापासून कॉफीवर येणारा दाब कितीतरी पटींनी वाढला आणि कपावर सोनेरी-तपकिरी साय धरू लागली. आज घरगुती यंत्रांतही सुमारे ९ बार हाच दाब प्रमाण मानला जातो. सुमारे ९० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाखाली जो दाब असेल, तेवढा हा दाब मूठभर पुडीवर पडतो. त्याला अडवून धरणारे, पूड भरायच्या लहानशा सच्छिद्र वाटीत म्हणजे बास्केटमध्ये, पुडीखेरीज दुसरे काहीही नसते.

पूड जाड असेल तर पाणी १० ते १२ सेकंदांत निसटून जाते आणि कप आंबट व पाणचट लागतो. ती फार बारीक असेल तर पाणी तुंबते, थेंब थेंब गळते आणि कडवटपणा उतरतो. सर्वसाधारणपणे १८ ग्रॅम पुडीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी उतरावी, असा प्रारंभीचा हिशेब धरतात. धूळ आणि कण्या एकत्र असतील तर मात्र वेळ जुळूनही चव जुळत नाही. वाफ्याला पाणी सोडल्यावर जिथे माती सैल असते तिथून ते फुटते आणि बाकीचा वाफा कोरडा राहतो, हे विदर्भातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पुडीच्या थरातही पाणी असेच वाट फोडते. त्या वाटेवरची कॉफी करपल्यासारखी कडू होते, उरलेली कॉफी तशीच राहते, आणि एकाच कपात कडू व आंबट अशा दोन्ही चवी येतात. स्वस्त यंत्रांसोबत येणारी दुहेरी तळाची बास्केट बारीक छिद्रातून फेस काढून हा दोष झाकते. म्हणून ग्राइंडर पारखण्याआधी साधी, एकेरी तळाची बास्केट मिळवावी, असा आमचा आग्रह आहे.

(दृश्य : गावातील चक्की. बंद यंत्र, उघडलेले दगड. लाल काव.)

आता आपण गावातील पिठाच्या चक्कीत आलो आहोत. आज चक्की बंद आहे, कारण दगडांना टाकी लावायची आहे. चक्कीवाल्या काकांनी दगडावर लाल काव फासली आहे. दोन्ही दगड एकमेकांवर घासून वेगळे केले की जो भाग उंच असेल तेथील काव पुसली जाते. तेवढाच भाग ते टाकीने उतरवतात आणि पुन्हा काव लावतात. हे काम आम्ही सुमारे दोन तास चित्रित केले आणि त्यातील बराच भाग येथे मुद्दाम ठेवला आहे. दगडावरील खाचांची रचनाही पाहावी. मध्याजवळ त्या रुंद आणि खोल आहेत, कारण तिथे अख्खा दाणा फोडायचा असतो. कडेकडे जाताना त्या उथळ होतात, कारण तिथे पीठ व्हायचे असते.

(दृश्य : टेबलावर सुटा केलेला ग्राइंडर. पोलादी बर हातात.)

हे नातवाने नंतर घेतलेल्या ग्राइंडरचे बर आहेत. दगडाच्या जागी कठीण केलेले पोलाद आहे, मात्र दात्यांचा क्रम तोच आहे. आत फोडणारे मोठे दाते आणि बाहेर बारीक करणारे लहान दाते. त्याने चक्कीतील युक्ती येथे वापरून पाहिली. बरच्या कडेवर त्याने साध्या मार्करने शाई लावली, दोन्ही बर हलकेच टेकवून फिरवले आणि पुन्हा उघडले. शाई एकाच बाजूने पुसली गेली असती, तर बर तिरके बसले आहेत असा त्याचा अर्थ झाला असता. येथे ती जवळजवळ सर्वत्र सारखी पुसली गेली आहे.

ग्राइंडर घेताना सर्वप्रथम पाहायची गोष्ट हीच आहे. फिरणारा आस दोन ठिकाणी बेअरिंगने घट्ट धरलेला असावा आणि बोटांनी बाजूला ढकलून पाहिले तर तो डुगडुगू नये. बरचा आकार, त्यावरचा मुलामा, जाहिरातीतील चकाकी या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या आहेत. डुगडुगणाऱ्या आसावर बसवलेले उत्तम बर आणि खुंटीवर सैल बसलेले जाते यांत आम्ही फरक करत नाही.

बर दोन घडणींचे असतात. चपट्या घडणीत दोन कडी चक्कीच्या दगडांसारखी समोरासमोर असतात. शंकूच्या घडणीत पोकळ कड्याच्या आत दातेरी शंकू फिरतो. चपट्या बरची कॉफी साधारणतः स्वच्छ, सुट्या सुट्या चवींची लागते आणि शंकूच्या बरची कॉफी दाट व भरीव लागते, असे अनुभवी लोक सांगतात. दात्यांची रचना बदलली की हे वर्गीकरण ढिले पडते, त्यामुळे केवळ घडणीवरून निर्णय घेऊ नये. शंकूला फिरवायला जोर कमी लागतो, म्हणून जवळपास सर्व हातग्राइंडर त्याच घडणीचे असतात.

(दृश्य : अंतर बदलणारी चकती. बोटांची हालचाल. टिचकीचा आवाज.)

आता चुंबळीकडे परत येऊ. एस्प्रेसोसाठीची पूड बारीक रव्याहून बारीक आणि पिठाहून किंचित रवाळ असावी लागते, आणि त्या अरुंद पट्ट्यात अंतराचा लहानसा फरकही कप उतरण्याच्या वेळेत अनेक सेकंदांचा फरक पाडतो. ज्या हातग्राइंडरच्या चकतीची प्रत्येक टिचकी बरमधील अंतर सुमारे ३० मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बदलते, त्यात एक टिचकी जाड आणि पुढची तुंबणारी, अशी अडचण येते. १० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान टिचकीचे ग्राइंडर एस्प्रेसोसाठी सोयीचे ठरतात. काही विद्युत ग्राइंडरांत टिचक्याच नसतात आणि चकती हवी तिथे थांबवता येते. जो ग्राइंडर फिल्टर कॉफीसाठी उत्कृष्ट आहे तो एस्प्रेसोसाठी निरुपयोगी ठरू शकतो, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा या टिचकीत सापडते. विकत घेण्यापूर्वी हा एक आकडा विचारावा.

चक्कीतील आणखी एक जुनी तक्रार येथे लागू पडते. आपल्या आधी कोणाचे हरभऱ्याचे दळण झाले असेल तर आपल्या गव्हाच्या पिठात थोडे बेसन येते. ग्राइंडरच्या पोटातही कालची पूड अडकून राहते आणि आजच्या कपात येते. म्हणून पूड बाहेर पडण्याचा मार्ग आखूड व सरळ असावा, आणि दाणे एकेका कपापुरते मोजून टाकता यावेत. मोजण्यासाठी नातू दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वापरतो.

(दृश्य : दाण्यांवर पाण्याचा एक थेंब. मग वीज जाते, पंखा थांबतो.)

दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचा थेंबभर शिडकावा केल्यास घर्षणाने निर्माण होणारी स्थिर वीज कमी होते आणि पूड भांड्याच्या कडांना चिकटत नाही. ओरेगन विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाण्यांमधील ओलाव्याचा हा परिणाम मोजून दाखवला आहे. वऱ्हाडातील उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत या थेंबाचा उपयोग विशेष जाणवतो.

वीज गेली, ते आम्ही ठरवून केलेले नाही. भारनियमन असलेल्या गावात विद्युत ग्राइंडर घ्यावा की हाताचा, या प्रश्नाला म्हणूनच वजन आहे. आमचे मत स्पष्ट आहे. दिवसाला दोन-तीन कप होत असतील आणि पैसे मर्यादित असतील, तर चांगला हातग्राइंडर घ्यावा, कारण त्यात मोटरची किंमत नसते आणि जवळपास सगळा पैसा बर, आस आणि बेअरिंगवर खर्च झालेला असतो. १८ ग्रॅम दाणे दळायला साधारण मिनिटभर लागतो. हलके भाजलेले दाणे कठीण असल्याने त्यांना अधिक वेळ आणि जोर लागतो. घरात बरेच कप होत असतील किंवा मनगटाचा त्रास असेल, तर विद्युत ग्राइंडर योग्य ठरतो. तो आपल्याकडील २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ पुरवठ्यासाठी बनवलेला आहे याची खात्री करावी. नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेले यंत्र येथे थेट जोडू नये. मोटर हळू फिरली की कॉफी तापत नाही, या जाहिरातीला घरी एका कपापुरते दळताना फारसा अर्थ उरत नाही.

दाण्यांचे स्वतःचे तापमान मात्र महत्त्वाचे आहे. २०१६ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, थंड दाणे दळले असता पूड अधिक बारीक आणि अधिक एकसारखी होते, असे दिसले. मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तिथे जानेवारीत ठरवलेले बरमधील अंतर मे महिन्यात चालेल असे गृहीत धरू नये.

(दृश्य : परातीत दाणे निवडणाऱ्या आजी.)

दाण्यांतील एक खडा बरचा दाता तोडू शकतो, म्हणून आजी कॉफीचे दाणेही परातीत पसरून निवडतात. या ग्राइंडरमध्ये मिरे, धने किंवा साखर कधीही दळू नये. दर आठवड्याला बर उघडून कोरड्या ब्रशने झाडावेत. ते पाण्याने धुऊ नयेत. आजी दाखवत आहेत ती जात्यातील पीठ झाडण्याची कुंचली नातवाने यासाठीच मागून घेतली आहे.

खर्चाविषयी एवढेच सांगतो की, एकूण रकमेचा किमान निम्मा भाग ग्राइंडरसाठी राखावा. नातवाला तो राखता आला नाही आणि ग्राइंडर घेण्यासाठी त्याला वर्षभर थांबावे लागले.

(दृश्य : भिंतीवरील कॅलेंडर. पेन्सिलीने लिहिलेले आकडे.)

याच डोंगरात वर, सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याला कॉफी पिकते. आज मात्र ग्राइंडरमध्ये कर्नाटकातून आलेले दाणे आहेत. नातू बर टेकेपर्यंत चकती फिरवतो, तिथून टिचक्या मोजत मागे येतो आणि पहिला कप काढतो. तो १७ सेकंदांत उतरतो. दोन टिचक्या बारीक केल्यावर दुसऱ्याला २२ सेकंद लागतात, आणखी दोन केल्यावर तिसऱ्याला २८. तो आकडा कॅलेंडरवर आजच्या तारखेच्या चौकोनात लिहिला जातो. आजी कपातला एक घोट घेतात आणि साखरेचा डबा पुढे ओढतात.