कोपऱ्यातला लोगो चोर पकडत नाही

मंडळी, माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. टीव्हीच्या कोपऱ्यातला लोगो कार्यक्रम कोणाचा ते सांगतो, पण चोरला कोणी ते सांगत नाही. आणि आपल्याला हवंय ते दुसरं उत्तर.

यूट्यूबवर उलटी मालिका किती जणांनी पाहिलीय? बघा, निम्मे हात वर. यूट्यूबने २००७ साली कंटेंट आयडी आणलं. मालक मूळ कार्यक्रमाचा नमुना देतो आणि यंत्रणा चढवलेले व्हिडिओ त्याच्याशी ताडून बघते. तिला चकवायला चोर चित्र आरशासारखं फिरवतात, आवाजाची पट्टी थोडी चढवतात, चौकट लावतात. लोगोचं काय? चित्र जरा मोठं केलं की तो कडेबाहेर. नाहीतर त्याच्यावर स्वतःचा चिकटवतात!

आता या उलट्या घरात काय होतं पाहा. सगळ्या सुनांचा पदर उजव्या खांद्यावर. सासरेबुवा डाव्या हाताने वरणभात कालवतात. दारावरची पाटी वाचता येत नाही. आरतीचं तबक उलटं फिरतं. आणि डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. इतकं कडक दैवत घरात आलं, सोवळं कोण पाळणार? हसताय, पण मला याचा खरोखर राग येतो. कलादिग्दर्शकाने देवघर मांडलं, वेशभूषाकाराने नऊवारीचा काठ निवडला, कॅमेरामनने खिडकीतला उजेड डावीकडून घेतला. त्या सगळ्यांची मेहनत कोणीतरी दोन मिनिटांत उलटी करतो आणि जाहिरातींवर पैसे मिळवतो. तरीही वाहिन्यांचा उपाय काय, तर लोगो आणखी मोठा करा, खाली पट्टी चालवा. म्हणजे प्रामाणिक प्रेक्षकाचंच चित्र झाकलं जातं. ऐन प्रसंगात नायिकेच्या चेहऱ्यावर पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात येते, त्याबद्दल तर मी तासभर बोलू शकतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा मुद्द्याचं भराभर.

सामना बघताना पडद्यावर मध्येच एक लांब आकडा उमटून जातो ना? ते फिंगरप्रिंट. तुमच्या सेट-टॉप बॉक्सची किंवा कार्डाची ती ओळख. प्रक्षेपण चोरलं तर कुठल्या जोडणीवरून, हे त्यावरून कळतं. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, त्याच्या २०१७ च्या नियमांत ही सोय सक्तीची आहे.

स्ट्रीमिंगमध्ये हेच न दिसता करता येतं. भाग काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. प्रत्येक तुकड्याच्या अ आणि ब अशा दोन आवृत्त्या, डोळ्यांना एकसारख्या. तुम्हाला अ-ब-ब-अ, शेजाऱ्यांना ब-अ-ब-ब. वीस तुकड्यांत दहा लाखांहून अधिक वेगळे क्रम होतात. चित्र फिरवलं तरी शोधणारा ते सुलटं करून क्रम वाचतो.

आणि चोर बाहेरचाच असतो असं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चा एक भाग प्रसारणाआधीच फुटला. चित्रावर स्टार इंडियाचा लोगो होता, 'फक्त अंतर्गत वापरासाठी' अशा अर्थाची इंग्रजी ओळही होती. त्यामुळे भाग कुठल्या साखळीतून फुटला ते उघड झालं, आणि महाराष्ट्र पोलिसांनी चौघांना अटक केली. म्हणून संकलकाला, डबिंगवाल्याला, सबटायटल करणाऱ्याला जाणाऱ्या प्रत्येक प्रतीवर वेगळी खूण हवी, मराठी मालिकांच्याही.

दोन वर्गण्या घेऊन दोन प्रतींचे अ-ब तुकडे मिसळून क्रम बिघडवणारे चोर आहेत. त्यांच्यासाठीही क्रम रचण्याची गणितं आहेत, ती प्रश्नोत्तरांत घेऊ.