निळ्या राहिलेल्या वाट्या

बाहेर जुलैचा पाऊस नुसता कोसळतोय. पणजीजवळच्या या प्रयोगशाळेत दमट हवा हीच पहिली अडचण. डेसिकेटर, म्हणजे वस्तू कोरड्या ठेवायचं बंद भांडं, त्यातली सिलिका जेल बघा, काल निळी होती, आज ओलावा शोषून गुलाबी पडली. पेडण्याहून पहिल्या बसने आलेली ही संशोधक विद्यार्थिनी आधी ती ओव्हनमध्ये सुकवते, मगच रिअ‍ॅक्शन लावते.

केसासारख्या काचनळीने फ्लास्कातला थेंब टीएलसी प्लेटवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या पट्टीवर, टेकवला. यूव्ही दिव्याखाली दोन ठिपके. म्हणजे मूळ पदार्थ उरलाय, रिअ‍ॅक्शन अजून पुरी झालेली नाही. तासाभराने पुन्हा दोनच. दिवेलागणीला मात्र,
"मॅडम, एकच स्पॉट!"

फ्लास्कात तयार झालेला हा रेणू औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी आहे. त्याचं मूळ जुनं. आयसोनियाझिड १९१२ सालीच प्रागमध्ये हान्स मेयर आणि योझेफ माली यांनी तयार केलं होतं. ते क्षयावर चालतं, हे कळेपर्यंत चाळीस वर्षं गेली. तेवढा काळ औषध होतं आणि माणसं जात होती.

गंमत अशी, की हे औषध पोटात जातं तेव्हा झोपलेलं असतं. जंतूचंच कॅटजी नावाचं विकर त्याला जागं करतं. मग ते इनएचए या दुसऱ्या विकराला चिकटतं आणि जंतूचं मेणचट कवच बनायचं थांबतं. जंतूने कॅटजी बदललं, की औषध झोपूनच राहतं.

म्हणून कॅटजीची गरजच न पडणारा रेणू हवा. स्क्रीनवरची ही खोबण इनएचएची. तिच्यात रेणू थेट बसवून पाहायचा. इथे क्लोरीन, तिथे फ्लोरीन, पुन्हा काढून मिथाईल. संगणकावर चपखल बसलेले कितीतरी रेणू फ्लास्कात तयारच होत नाहीत. ही चिकाटी गोव्यासारख्या लहान राज्यातही जपली पाहिजे, तिला पैसा मिळाला पाहिजे.

जिवंत क्षयजंतू इथे हाताळता येत नाहीत, त्यासाठी खास बंदिस्त प्रयोगशाळा लागते. नमुने तिकडे जातात. जंतूही सावकाश, दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस घेणारा.

बेडाक्विलिन हे नवं औषध आल्यावर दाद न देणाऱ्या क्षयाचे उपचार सहा महिन्यांवर आले, पण त्यालाही न जुमानणारे जंतू आता सापडू लागलेत.

मोबाइलवर त्या बंदिस्त प्रयोगशाळेतून फोटो आलाय. ९६ इवल्या वाट्या. जंतू वाढले तिथे गुलाबी, थोपले तिथे निळं. ती दोन बोटांनी फोटो मोठा करते. तिसरी ओळ. कडेच्या चार वाट्या निळ्या.

ती वही उघडते आणि त्या रेणूचा क्रमांक लिहून घेते.