पंधरा दिवसांचा अहवाल

(दृश्य : सांगलीचा आयर्विन पूल, पहाट. कठड्याला टेकलेला पाठमोरा मुलगा.)

या पोराचा चेहरा तुम्हाला दिसणार नाही. नाव, गल्ली, शाळा, काहीच कळणार नाही. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 प्रमाणे गुन्ह्याच्या प्रकरणात सापडलेल्या मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘ह्या चोराला ओळखून ठेवा’ म्हणून गल्लीच्या ग्रुपवर फोटो फिरवणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसतं. आम्ही आणखी एक काळजी घेतली आहे. ही गोष्ट एकाच पोराची नाही, दोन-तीन पोरांची मिळून एक केलेली आहे. आपण त्याला बारक्या म्हणू.

बारक्या पंधरा वर्षांचा. सापडला तेव्हा त्याच्याजवळ दुसऱ्याची मोटरसायकल होती. सोबत कुणी सज्ञान नव्हतं आणि चोरी ही कायद्याच्या लेखी मुलाच्या बाबतीत किरकोळ गुन्ह्यात मोडते. त्यामुळं एफआयआर झाला नाही, स्टेशन डायरीत नोंद झाली. बेड्या नाहीत, लॉकअप नाही. साध्या कपड्यातला बाल कल्याण पोलीस अधिकारी त्याच्याशी बोलला आणि चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढं नेलं. कागदावर त्याला आरोपी म्हणत नाहीत, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. उच्चारताना जीभ अडखळते, पण शब्द विचारपूर्वक घेतलेला आहे.

(दृश्य : एक साधी खोली. टेबल, चार खुर्च्या, भिंतीला टेकून उभी छत्री.)

मंडळाची बैठक कोर्टाच्या आवारात भरत नाही. उंच व्यासपीठ नाही, पिंजरा नाही. एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते सदस्य, त्यातली एक तरी बाई असावी लागते. बारक्याची आई बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते. त्या दिवशी खाडा करून आली होती. पोरगं दिसताच आधी रडली असेल असं आम्हाला वाटलं होतं. ती म्हणाली, “मी विचारलं, जेवलास का.”

मंडळानं परिवीक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरला, सामाजिक तपासणी अहवाल मागितला. मुदत पंधरा दिवस. घरात कोण कमावतं, शाळा का सुटली, मित्र कोण, ते वयानं मोठे आहेत का, सवयी काय, असे प्रश्न त्यात असतात. अधिकारी गल्लीत फिरले. मग आम्हीही त्याच दारांवर गेलो.

वर्गशिक्षक म्हणाले, “दिवाळीनंतर येणं कमी झालं. हजेरीपटावर खुणा केल्यात की मी.”

कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार म्हणाला, “आधी पाच-दहा रुपयांची उधारी असायची. मग एक दिवस पाचशेची नोट काढली. आता गिऱ्हाइकाला कसं विचारायचं, नोट कुठनं आणलीस म्हणून?”

आजी म्हणाली, “रातच्याला बारा वाजता यायचा. सुनंला सांगितलं न्हाई. माझा ल्योक गेल्यापासनं ती आधीच पिचलीया.”

आणि तालमीतले वस्ताद. त्यांच्याकडं आम्ही तासभर बसलो. लाल मातीत त्यांनी बोटानं रेघ ओढली, पुसली, परत ओढली. “पोरगं जोर चांगलं मारायचं. अंगात ताकद हाय त्याच्या. पण खुराकाचा वांदा. दूध, बदाम, तूप कुठनं आणणार? बाकीची पोरं डबे उघडायची, हा मागं बसायचा. एक दिवस यायचा बंद झाला. मी म्हटलं, आळशी झाला असंल.”

तालमीच्या बाहेर चौकात मात्र खुराक होता. मोठ्या पोरांनी त्याला गाडीवर बसवलं, रस्सा-भाकरी चारली. त्याच्या वाढदिवसाला तलवारीनं केक कापला आणि स्टेटसला फोटो लावला. तलवारीचं आपल्याला भय वाटतं, वाटावंच. पण त्या फोटोत मला आधी दिसला तो बारक्याचा चेहरा. त्याचा वाढदिवस त्याआधी कुणी केलाच नव्हता.

पंधरा दिवसांत हे सगळं एका अहवालात आलं. पण त्यातली एकही गोष्ट नवी नव्हती. शिक्षकाला, दुकानदाराला, आजीला, वस्तादांना आपापला तुकडा सहा महिने आधीच ठाऊक होता. चौघं एकमेकांना ओळखतात, लग्नात एका पंगतीला बसतात. बारक्याबद्दल मात्र त्यांचं कधी बोलणं झालं नाही.

असं बोलणं व्हावं म्हणूनच सरकारनं गावात आणि प्रभागात बाल संरक्षण समित्या नेमायला सांगितलंय. पुष्कळ ठिकाणी फलक लागतो, सह्या होतात, चहा होतो, संपलं. आम्ही बघितलेल्या बैठकीत मात्र अंगणवाडी ताई वही घेऊन आल्या होत्या. कोणत्या घरातलं पोर चार दिवस दिसलं नाही, एवढंच त्यात लिहिलेलं. दुकानदार समितीचा सदस्य नाही. तरी त्यांनी त्याला बोलावलं, आणि तो दाराजवळच्या स्टुलावर बसला. माझ्या मते त्या खोलीतला सगळ्यात कामाचा माणूस तोच. पोराचा खिसा शाळेच्या आधी दुकानाला कळतो.

ताईंनीच बारक्याच्या आईला बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायला बसवलं. वडील नसलेल्या मुलाला त्यातून महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात. आईनं ते नावही ऐकलं नव्हतं. मागच्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर दुधाचा प्रश्न तेव्हाच सुटला असता.

बैठकीत एक आवाज चढला. “असल्याला परत तालमीत घेतलं तर बाकीची पोरं नासतील.” ही भीती खोटी म्हणून झटकता येत नाही, ज्याची गाडी गेली तो माणूस तिथंच बसला होता. वस्ताद बोलले, “आणि न्हाई घेतलं तर जाईल कुठं? चौकातच ना?”

(दृश्य : आटपाडी, माळरान. स्वतंत्रपूरची शेतं.)

याच जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानच्या काळात, 1939 च्या सुमारास, तिथं भिंतीविना तुरुंग उभा राहिला. कैदी शेती करतात, कुटुंबासह राहतात. ती मोठ्या माणसांची आणि मोठ्या गुन्ह्यांची गोष्ट आहे, बारक्याशी तिची बरोबरी होत नाही. पण खुनाची शिक्षा भोगणाऱ्याच्या हाती नांगर देणारा हा जिल्हा पंधरा वर्षांच्या पोराला लंगोट द्यायला का कचरतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

मंडळानं बारक्याला समुपदेशन आणि सामुदायिक सेवा सांगितली. बाल न्याय अधिनियमाच्याच कलम 24 प्रमाणे हे प्रकरण पुढं त्याच्या नोकरीच्या आड येणार नाही. गाडीच्या मालकानं अजून त्याच्याशी बोलणं सुरू केलेलं नाही.

(दृश्य : तालीम, पहाटेचे साडेपाच.)

वस्ताद आता रोज डोकी मोजतात. सलग तीन दिवस कुणी आलं नाही तर त्याच्या घरी माणूस जातो. आम्ही गेलो त्या दिवशी एक बारीकसं पोरगं कमी होतं. वस्तादांनी सायकलची किल्ली बारक्याकडं फेकली. तो गेला आणि वीस मिनिटांत घामाघूम होऊन परत आला.

“ताप आलाय त्याला. औषध आणलंय घरच्यांनी.”

“बरं. चल, तुझे जोर राह्यलेत.”