काच फुटण्याआधी

सदाशिव पेठेतली एक शाळा सुटली आहे. फाटकापाशी रिक्षात दप्तरे कोंबली जात असताना एका मुलाची पाण्याची बाटली या हातातून त्या हातात फिरते, त्याला पाडलेल्या नावाने सगळे हसतात आणि तोही हसतो. रिक्षावाल्या काकांना ही मस्करी वाटते. मस्करी कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो, हे नॉर्वेमध्ये काम करणारे संशोधक डॅन ओल्वेउस यांनी नेमके सांगितले होते: त्रास जाणूनबुजून दिला जातो, पुनःपुन्हा दिला जातो आणि ज्याला तो होतो त्याच्याकडे प्रतिकाराचे बळ नसते.

अशा मुलाच्या रागाचे पुढे काय होते? अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅग्न्यू यांनी 1992 मध्ये मांडलेल्या ताण-सिद्धान्तानुसार, अन्यायाचा वाटणारा आणि सहजी टाळता न येणारा ताण राग निर्माण करतो, आणि त्या रागाच्या भरात परिणामांचा विचार मागे पडून सूड रास्त वाटू लागतो. शाळा आणि रिक्षा तर रोजचीच असते.

हा राग छळणाऱ्यावर क्वचितच निघतो, कारण तो अंगाने किंवा टोळक्याने भारी असतो. तो निघतो धाकट्या भावंडावर, वर्गातल्या बाकावर, कधी रात्री रस्त्याकडेला लावलेल्या गाड्यांच्या काचांवर; पुणेकरांना तोडफोडीच्या अशा बातम्या नव्या नाहीत, आणि प्रत्येक तोडफोडीमागे हेच कारण असते असेही नाही. छळ सोसलेली पुष्कळ मुले कुणाला बोटही लावत नाहीत, आतल्या आत कुढत राहतात, आणि काच फुटत नसल्यामुळे त्यांची दखलही घेतली जात नाही. ‘मार खाऊन घरी येऊ नकोस’ असे घरी बजावले गेलेल्या आणि रागाला शाबासकी देणारा गल्लीतला एखादा ‘भाई’ लाभलेल्या मुलाची वाट मात्र वेगळी होते.

गुन्ह्याचा आरोप असलेले मूल बाल न्याय मंडळासमोर आले, की 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार परिविक्षा अधिकाऱ्याला त्याच्या पार्श्वभूमीचा अहवाल 15 दिवसांत द्यावा लागतो. शाळेत कोण त्रास देत होते, हा प्रश्न त्या चौकशीत आग्रहाने विचारला जावा. खरे तर वर्गशिक्षकांनी तो कितीतरी आधी, मूल पहिल्यांदा कुणावर हात उगारते त्या दिवशी, शिक्षा सुनावण्यापूर्वी विचारायला हवा.