परतीचं भाडं

नमस्कार मंडळी.

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि बारा वाजता लागूही झाली. हातावर पोट असलेल्या माणसाने त्या चार तासांत काय करायचं? काम बंद, ठेकेदार फोन उचलत नाही, खोलीचं भाडं थकलेलं आणि रेशनकार्ड गावाकडे. तो गावाचीच वाट धरणार.

जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर असेच निघाले. भुसावळहून गाडी मिळेल, एवढीच आशा. रेल्वेमार्गाच्या कडेने चालता चालता थकले आणि रुळांवरच आडवे झाले. गाड्या बंद आहेत, असंच त्यांना वाटत होतं. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली १६ जण गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचा फोटो मला आजही बघवत नाही.

पण त्याहून जास्त संताप येतो तो एका कायद्याची आठवण झाली की. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी आपल्याकडे १९७९ पासून कायदा होता. ठेकेदाराने प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं, येण्या-जाण्याचं भाडं द्यायचं, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तरी २०२० च्या मे महिन्यात मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक रेल्वेगाड्यांचं तिकीट कुणी काढायचं, यावर सरकारं वाद घालत होती. मजुरांकडून भाडं घेऊ नका, हे सांगायला २८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुढे यावं लागलं. सप्टेंबरात संसदेत सरकारने सांगितलं की एक कोटीहून अधिक मजूर घरी परतले; वाटेत किती दगावले, याची मात्र माहिती नाही. नोंदच नाही, तर मदत कुणाच्या नावाने पोहोचणार?

आपण परदेशात राहणारी माणसं; त्यांच्या हालांशी आपली बरोबरी होऊच शकत नाही, हे मी आधीच सांगतो. पण २२ मार्चपासून भारतात उतरणारी विमानं थांबली, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांनी आईवडिलांचं अंत्यदर्शन फोनवर घेतलं. ७ मे पासून परदेशात अडकलेल्यांना घरी नेणारी ‘वंदे भारत’ मोहिमेची विमानं सुरू झाली, पण तिकीट स्वतःच्या खिशातून. नोकरी गेली की व्हिसाही जाणार, अशी ज्याची स्थिती, त्याने ते पैसे कुठून आणायचे? आखातातून तर कित्येक कामगार थकलेला पगार तिथेच सोडून परतले.

म्हणून आज एक मागणी करतो. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या यादीत फक्त वर्गणीदार आहेत. एका खोलीत चौघं राहणारे विद्यार्थी, हॉटेलच्या भटारखान्यात राबणारी मुलं, घरकामाला आलेल्या बायका त्यात नाहीत. त्यांची नोंद आपण ठेवू या: नाव, इथला फोन, गावाकडचा फोन, व्हिसाची मुदत. ही माहिती दोघा विश्वासू कार्यकर्त्यांपलीकडे जाणार नाही. आणि या वर्षीच्या कार्यक्रमांच्या खर्चातून थोडी रक्कम परतीच्या भाड्यासाठी वेगळी काढू या. एखादा कलाकार कमी बोलावला तरी चालेल.

फॉर्म बाहेर टेबलावर ठेवलेत. मंडळात न येणारं कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर त्यांना विचारून त्यांचाही भरून द्या.