उन्हाळ्यातले कारागीर

नमस्कार, श्रोतेहो.

दुपारी पंखा जरा बंद करा आणि कान द्या. टुक्, टुक्, टुक्... लांब कुठंतरी तांब्याचं भांडं ठोकल्यासारखं. हा तांबट. चिमणीएवढाच पण गुबगुबीत, हिरवा, कपाळावर लाल टिळा. पानांत असा दडतो की मान दुखते, तो काही दिसत नाही. न दिसेना! त्याचं नाव मुळात कानांनीच ठेवलंय. हल्ली पक्षी दिसला की आधी मोबाइल वर होतो. फोटो मिळतो, पक्षी बघायचा राहतो. आणि हो, ‘कोकिळा गाते’ म्हणणं आता तरी सोडा. गातो तो काळा नर. ठिपक्याठिपक्यांची मादी नुसती किक्-किक् करते.

पक्ष्यांना घाम येत नाही, म्हणून चोच वासून धापा टाकतात. पाणी ठेवाच, पण उथळ ठेवा. मधमाश्यांना टेकायला त्यात एक दगड. आणि पाणी रोज बदला, नाहीतर डासांची सोय होते. पुन्हा सांगतो: उथळ, आणि रोज बदललेलं.

आता कुंभारीण माशी. ही गोष्ट सांगितल्याशिवाय माझा उन्हाळा सुरूच होत नाही.

मी शाळेत होतो. सुट्टीत आमच्या कपाटाच्या किल्लीच्या भोकात एक माशी सारखी ये-जा करी. दर खेपेला पायांत एक हिरवी अळी. तिसऱ्या दिवशी भोक चिखलानं बंद! मी सुई घेऊन धावलो, तर आजीनं हात धरला. “कोरू नकोस. ती अळीला कोंडते, तिच्या कानाशी गुणगुणते, आणि अळीची कुंभारीण होते.” जुना कीटक-भृंग न्याय तो, कीर्तनात ऐकलेला.

मी रोज बघायचो. तीनेक आठवड्यांनी चिखलाला भोक पडलं आणि आतून नवीकोरी माशी बाहेर आली. आजी म्हणाली, “बघ!” आता काय बोलणार?

पण खिडकीच्या चौकटीतल्या एका खाचेत दुसरं घर चाललं होतं. ते मी गुपचूप उकरलं. आत पाच-सहा अळ्या, मेलेल्या नव्हत्या. टोचलं की किंचित हलत. आणि वर, छताला, केसाएवढ्या धाग्यावर लोंबणारं एक अंडं. म्हणजे माशी त्या अंड्यातली! अळ्यांना नांगी मारून नुसतं लुळं करायचं, म्हणजे त्या नासत नाहीत आणि पिल्लाला ताजं अन्न मिळतं. गुणगुण म्हणाल, तर ती चिखल थापताना होते.

धावत जाऊन आजीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “म्हणजे डबा भरून ठेवला, दार लावलं आणि आई गेली. पोराचं तोंडही न बघता.”

तोवर किल्लीच्या भोकात दुसरी कुंभारीण आली होती. आजीनं ती हाकलू दिली नाही. कपाट सुट्टीभर उघडंच राहिलं. किल्ली मात्र आजीच्या कमरेला, रोज.

शिंपी पक्षी राहिलाच, वेळ संपली. नमस्कार.