हरलेल्या पोराचं पान

नमस्कार मंडळी. आज एका पुस्तकाबद्दल बोलणार आहे, जे माझ्या वयाच्या बाईनं वाचू नये असं माझ्या भाचीचं म्हणणं आहे. ती विलिंग्डन कॉलेजला एफवायला. सुट्टीत घरी आली, तिच्या बॅगेतनं जाडजूड इंग्लिश कादंबरी डोकावत होती, म्हटलं बघू तरी, आणि सांगली स्टँडवर सिटी बसमध्ये बसून वाचायला काढली ती थेट मिरजेतच मान वर केली. मला मार्केट यार्डाला उतरायचं होतं.

गोष्ट तशी ओळखीचीच. सतरा वर्षांची मुलगी, शेजारचा लहानपणापासूनचा मित्र, आणि वर्ष अर्धं झाल्यावर शाळेत आलेला नवीन पोरगा, जो कमी बोलतो आणि जास्त बघतो. लव्ह ट्रँगल. आता मला सांगा, तिसऱ्याच धड्यात कळतं की नाही कोण जिंकणार? ज्याच्या डोळ्यांच्या रंगावर लेखिकेनं अर्धं पान घातलंय तो. शेजारचा बिचारा सायकलची चेन बसवून देतो, हिचा प्रोजेक्ट करून देतो, त्याच्या डोळ्यांचा रंग कुणी विचारत पण नाही.

पोरींचं मात्र यात टीम पाडायचं चालतं, ही याची टीम, ती त्याची, आणि वर्गात त्यावरनं अबोले होतात म्हणे. भाचीनं समासात पेन्सिलनं तीनदा 'मूर्ख' लिहिलंय, तिन्ही वेळा हिरॉइनला. पण एका पानावर काहीच लिहिलेलं नाही. शेजारचा पोरगा हिला घरी सोडतो, गेट लावतो, आणि 'उद्या लवकर यायला जमणार नाही' एवढंच बोलून जातो. त्या पानाच्या कोपऱ्याला भडंगाच्या तेलाचा पिवळा अंगठा उमटलाय. घास हातातच राहिला असणार कुणाचातरी.

माझी तक्रार तिथंच आहे. त्यानंतर तो पोरगा पुस्तकातनं जवळजवळ गायबच. शेवटी लेखिकेला अपराधी वाटलं असावं, म्हणून दोन ओळीत त्याला एक नवीन मुलगी भेटवून दिली. अहो, हे काय लग्नाच्या पंगतीत उरलेली जिलबी वाटणं आहे का!

आपल्याकडं हे किती वेगळं झालंय बघा. वि. स. खांडेकर आपल्या सांगलीचे, १८९८ सालचा जन्म. त्यांची 'ययाति' १९५९ ला आली, मराठीला पहिलं ज्ञानपीठ १९७४ ला तिच्यामुळंच मिळालं, हे सगळं शाळेत पाठ केलेलं असतं. पण त्यात पण तिघंच आहेत की हो, ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. आणि खांडेकरांनी तिघांनाही 'मी' म्हणून बोलू दिलं. देवयानीचं ऐकताना ती खरी वाटते, शर्मिष्ठेची पाळी आली की आपण मगाशी देवयानीला मान का डोलवली असं होतं. टीम पाडायची सोयच ठेवली नाही. बाकी त्यातली भाषा आजच्या पोरांना जड जाते, मान्य आहे, मला पण मधे मधे ते उपदेश नको होतात.

भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "मावशी, तू टीम शेजारी आहेस, एवढंच सांग की." असेन बाई. हरिपूरला संगमावर गेलो होतो परवा, कृष्णेला वारणा मिळते तिथं, पुढं नाव फक्त कृष्णेचं राहतं, तर ही पाण्याकडं बघत म्हणाली, "वारणेला एक चॅप्टर द्यायला पाहिजे होता ना?" मी काही बोलले नाही, कारण आयुष्यात पहिल्यांदा तिला माझं म्हणणं पटलं होतं.

ती आत्ता हे ऐकत असेल बहुतेक. पुस्तक शनिवारी परत देते गं. आणि तो डाग माझा नाही.